आधी भांडं, मग भाजी

बाई स्वयंपाकाला लागते तेव्हा हाताला येईल ते भांडं घेते. बूड वाकलेला तवा, एक कान निखळलेली कढई, जर्मनचं काळवंडलेलं पातेलं, यांच्याच संगतीत तिचं शिक्षण होतं. आणि वरण खाली लागलं तर दोष तिचा असतो, पातेल्याचा कधीच नसतो. पुरुष स्वयंपाक शिकायचं ठरवतो तेव्हा तो आधी बाजारात जातो. डोंगर चढायचं मनात आलं की माणूस डोंगराकडे न जाता बुटांच्या दुकानाकडे जातो, त्यातलाच हा प्रकार.

आमच्याकडे हा प्रकार निवृत्तीनंतर सुरू झाला. उभा जन्म बँकेत लोकांच्या सह्या पडताळण्यात गेल्यावर आमच्या यांना वाटलं, आता स्वतःच्या हातांनी काहीतरी घडवावं. बागकाम, बासरी आणि सोसायटीचं सेक्रेटरीपद या तिन्ही संकटांतून घर वाचलं, कारण यांनी स्वयंपाक निवडला. पहिलं वरण खरोखर बरं झालं होतं. पण ते स्टीलच्या पातेल्यातून वाढताना यांचा चेहरा पडला.

"याला काही रूपच नाही गं," म्हणाले.

"वरणाला रूप नसतं, तूप असतं," मी म्हटलं.

यांचं लक्ष नव्हतं. नजर ओट्यावरच्या भांड्यांवरून सावकाश फिरत होती आणि डोळ्यांत, पूर्वी एखादी खोटी सही सापडली की यायचा, तो भाव होता. आपल्या घरात इतकी वर्षं काय चाललं होतं, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं.

त्याच आठवड्यात रस्त्याच्या कडेला खुर्जाचा माल लागला. पुण्याला हे दृश्य नवं नाही. एखाद्या मोकळ्या प्लॉटसमोर ताडपत्री अंथरलेली, पेंढ्यातून काढलेले कप, वाडगे, बरण्या, कुंड्या ओळीनं मांडलेल्या, आणि मागे प्लास्टिकच्या खुर्चीत उत्तर प्रदेशातला एक शांत माणूस. खुर्जा हे बुलंदशहर जिल्ह्यातलं गाव, दिल्लीपासून साधारण ऐंशी-नव्वद किलोमीटरवर. तिथल्या भांड्यांना भौगोलिक मानांकन आहे, आणि काच व सिरॅमिक या विषयातल्या केंद्रीय संशोधन संस्थेचं एक केंद्रही तिथं आहे. ही माहिती मला पुढं घरबसल्या, न मागता मिळाली. त्या दिवशी आम्ही फक्त बघायला थांबलो होतो.

बघता बघता यांनी झाकणाचं एक मोरपंखी भांडं उचललं. झिलई जिथं जाड बसली होती तिथं रंग गर्द निळा, आणि काठावर, जिथं ती भट्टीत ओघळून पातळ झाली होती, तिथं आतल्या मातीचा तपकिरी रंग डोकावत होता. विक्रेत्यानं बोटाच्या पेरानं काठावर टिचकी मारली. खणकन आवाज आला. मग त्यानं शेजारचं दुसरं भांडं वाजवलं, त्याचा आवाज बद्द आला. म्हणाला, "साहेब, याला तडा आहे. दिसत नाही, पण आहे." तडा गेलेला माल स्वतःहून दाखवणारा दुकानदार यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला. त्या प्रामाणिकपणावर खूश होऊन यांनी एकाऐवजी तीन भांडी घेतली. विक्रेत्याला धंदा कळत होता.

घरी आल्यावर यांनी भांडं उलटं केलं आणि बुडाशी असलेलं खरबरीत, बिनझिलईचं कडं मला दाखवलं. झिलई म्हणजे वितळलेली काच. ती बुडालाही लावली तर भट्टीतच भांडं फळीला चिकटून बसेल, म्हणून तेवढी जागा कोरडी ठेवतात. हे खरंच छान होतं, आणि मी तसं म्हटलंही. तिथंच घोळ झाला. ऐकणारी बायको मिळाली की माणूस अभ्यासाला लागतो.

तेव्हापासून आमच्याकडे कोबाल्टनं निळा रंग येतो, तांब्यानं हिरवा, लोहानं मधासारखा पिवळा ते तपकिरी, आणि मॅंगनीजनं जांभळट. भट्टीत जाण्याआधी हे सगळे रंग राखेच्या नाहीतर फिकट गुलाबी चिखलाचे दिसतात. बाराशे अंश सेल्सियसच्या पुढं गेल्यावर त्यांचा खरा स्वभाव कळतो. हे वाक्य यांनी आमच्या भाचीच्या साखरपुड्यात, होणाऱ्या जावयासमोर म्हटलं. त्या पोरानं ते मनाला लावून घेतलं.

भांडी वाढली तशी जागा कमी पडू लागली. भिंतीतल्या कपाटात पूर्वी डाळी असायच्या. त्या आता दिवाणात आहेत. पाहुणे आले की मी त्यांना तुरीच्या डाळीवर बसवते. कपाटात भांडी रंगांच्या उतरत्या क्रमानं लावलेली आहेत, आणि चुकून पिवळा वाडगा हिरव्याच्या पलीकडे गेला तर हे रात्री उठून तो जागेवर आणतात. या माणसाला घरातली नेलकटरची जागा अजून माहीत नाही.

सगळ्यात मोठा बदल झाला तो सकाळच्या प्रश्नात. पूर्वी आमच्याकडे विचारायचे, आज भाजी काय? आता विचारतात, आज भांडं कोणतं? भांडं ठरलं की मग त्यात काय शोभेल ते शिजतं. पिठलं पिवळं, ते निळ्यातच जातं. ताकातला पालक विटकरी भांड्यात खुलतो. भरली वांगी साईच्या रंगाच्या भांड्यात ठेवली की वाटतं, आपण यांना आजवर उगाच कमी लेखलं. सोलकढी फिरोजी वाडग्यात अशी काही दिसते की पिण्याआधी सगळ्यांनी तिच्याकडे थोडा वेळ बघायचं असतं. हाल झाले ते अळूच्या फदफद्याचे. ते कोणत्याच रंगाला दाद देईना. यांनी पांढरं, पिवळं, किरमिजी, सगळं करून पाहिलं. शेवटी आमच्याकडे अळूच बंद झालं.

सासूबाई या सगळ्याकडे पोथीच्या वरून बघत असतात. त्यांच्या मते घरात चिनी मातीचं खरं भांडं एकच: त्यांची लोणच्याची बरणी. खाली साईचा रंग, खांद्याला तपकिरी, तोंडाला दादरा बांधलेला. ती त्यांच्या लग्नाआधीपासूनची आहे. यांनी एकदा ती बरणी धुऊन, पुसून दिवाणखान्यात मांडायचा प्रस्ताव ठेवला, म्हणाले, "आई, ही ॲंटिक आहे." सासूबाई म्हणाल्या, "तिच्यात लोणचं आहे." विषय संपला.

सासूबाईंचा आणि सिरॅमिकचा दुसरा सामना बोन चायनावरून झाला. मुलानं बंगळुरूहून कपबशांचा एक नाजूक सेट पाठवला होता. उजेडासमोर कप धरला की पलीकडची बोटं दिसायची. यांनी मोठ्या कौतुकानं खुलासा केला, की हा पारदर्शकपणा जनावरांच्या हाडांच्या राखेमुळे येतो. ती पुष्कळदा निम्म्याच्या आसपास असते. सासूबाईंनी कप सावकाश खाली ठेवला. चातुर्मास चालू होता. कांदा-लसूणसुद्धा घरात नव्हता.

"मग मघाशी मी एकादशीचा चहा कशातून प्यायले?" त्यांनी विचारलं.

तो सेट आता गॅलरीतल्या कपाटात आहे आणि सोसायटीच्या मीटिंगला बाहेर निघतो.

यांचा अभ्यास आता पुष्कळच पुढं गेला आहे. पाणी पाझरणारा आणि म्हणूनच पाणी गार ठेवणारा माठ हजार अंशांच्या आसपास भाजलेला. स्टोनवेअर बाराशे ते तेराशेवर. आणि पोर्सेलिन त्याच्याही वर, केओलिन नावाच्या पांढऱ्या मातीचं. जयपूरच्या निळ्या भांड्यांत तर कुंभाराची मातीच नसते: गारगोटीची पूड, काचेची पूड, मुलतानी आणि डिंक यांचा तो लगदा, हलक्या आचेवर एकदाच भाजलेला. त्यात स्वयंपाक करता येत नाही. तरी आमच्याकडे ते आहे. त्यात मोबाइलचे चार्जर ठेवतात.

या अभ्यासातून एक नवीच अडचण उभी राहिली. यांच्या वाचनात आलं की कमी आचेवर भाजलेल्या, भडक रंगांच्या काही झिलयांमध्ये शिसं असतं, आणि आंबट पदार्थ ठेवला की ते त्यात उतरू शकतं. ही गोष्ट खरी आहे आणि तिच्याशी खेळू नये, हे मलाही मान्य. तेव्हा जन्मगाव ठाऊक नसलेल्या सगळ्या रंगीत भांड्यांतून आंबट हद्दपार करायचं ठरलं. हे कागदावर सोपं वाटतं. पण आमसूल, चिंच, ताक, टोमॅटो, लिंबू आणि कैरी एवढं वगळल्यावर कोकणस्थाच्या घरी उरतं काय? मुगाची खिचडी उरली. तीही लिंबाशिवाय.

त्याहून मोठी गोम विस्तवाची. ही भांडी स्वयंपाकाची म्हणून घेतलेली, पण गॅसवर ठेवायची नाहीत. ज्योत लागली की बूड आधी तापून फुगतं, बाजू अजून गारच असतात, आणि त्या ओढाताणीत भांड्याला तडा जातो. काही जपानी आणि मोरोक्कन भांडी थेट जाळ सोसायलाच घडवलेली असतात, पण ती आमच्याकडे नाहीत. (हे वाक्य मी घरात मोठ्यानं म्हणत नाही.) इंडक्शनवर ठेवली तर ती तापतच नाहीत, कारण त्या शेगडीला लोखंड लागतं. राहिला ओव्हन. तोही थंड असताना भांडं आत ठेवायचं, तापलेलं बाहेर काढलं की ओल्या ओट्यावर टेकवायचं नाही, आणि त्यावर गार पाण्याचा थेंब पडू द्यायचा नाही. नातवंड सांभाळायला ठेवून जाताना सुनेनं इतक्या सूचना दिल्या नव्हत्या.

आणि आमचा स्वयंपाक मुळात ओव्हनमधला नाही. फोडणी ओव्हनमध्ये कशी करायची? मोहरी तडतडायला तेल कडकडीत तापावं लागतं आणि ते तापतं माझ्या लोखंडी कढईत. तेव्हा रोज होतं असं, की पिठलं शिजतं कढईत, आमटी शिजते जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात, भात कुकरात. आणि जेवायची वेळ झाली की सगळ्यांना रंगीत भांड्यांत हलवून, वर कोथिंबीर भुरभुरून मंडळी टेबलावर येतात. पाहुणे म्हणतात, "वा! काय देखणं!" यांची मान ताठ होते. कढई आत मोरीत पालथी पडलेली असते. संसारात असं बऱ्याच ठिकाणी असतं, म्हणून मी फार मनाला लावून घेतलं नाही.

आमच्या पिढीच्या भांड्यांचा हिशेबच निराळा होता. भांडं म्हणजे मालमत्ता. रुखवतात मांडायचं, यादीत लिहायचं, त्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव आणि तारीख घालून घ्यायची. माझ्याकडच्या एका पातेल्यावर कुणाच्या तरी मुंजीची तारीख आहे. मुलगा कोण ते आता कुणालाच आठवत नाही, पातेलं मात्र ठणठणीत आहे. तांब्या-पितळेला कल्हई लागायची, जुनं झालं की ते मोडीत जायचं आणि त्याचे किलोवर पैसे यायचे. जुन्या साड्या देऊन बोहारणीकडून घेतलेलं स्टीलचं तपेलं पंचवीस वर्षं टिकतं आणि शेजारणीशी भांडणही करून देतं, कारण त्यावर नाव असतं. सिरॅमिकवर नाव घालता येत नाही, ते कुणाला उसनं देववत नाही, आणि फुटलं तर मोड म्हणून कवडी मिळत नाही. ते बघायला सुंदर असतं, एवढीच त्याची कमाई. हे मी यांना ऐकवलं तेव्हा ते उखडले नाहीत. उलट, इतिहासाची वही घेऊन आले.

त्या वहीप्रमाणे अठराव्या शतकात सॅक्सनीचा इलेक्टर आणि पोलंडचा राजा ऑगस्टस द स्ट्राँग पोर्सेलिनच्या पायी वेडा झाला होता. सोनं बनवायचा दावा करणाऱ्या ब्योटगर नावाच्या माणसाला त्यानं कोंडून ठेवलं. सोनं काही झालं नाही, पण त्या खटपटीत युरोपातलं पहिलं खरं पोर्सेलिन तयार झालं आणि १७१० साली माइसेनचा कारखाना निघाला. तरी राजाचं मन भरेना. १७१७ मध्ये त्यानं प्रशियाच्या राजाला आपले सहाशे घोडदळाचे शिपाई दिले आणि बदल्यात १५१ चिनी भांडी घेतली.

"म्हणजे एका भांड्याला चार शिपाई," हे म्हणाले. बँकेतला माणूस. "मी तर रोख देतो."

दुसरी नोंद अमेरिकेची. वेस्ट व्हर्जिनियातल्या न्यूएल इथल्या होमर लाफलिन कंपनीनं १९३६ साली ‘फिएस्टा’ नावाची भडक रंगांची भांडी काढली. मंदीनं गांजलेल्या घरांत हवे ते रंग हवे तसे मिसळून टेबल मांडायची चैन परवडू लागली. त्यातला नारिंगीकडे झुकणारा लाल रंग यायचा युरेनियमपासून. महायुद्धात सरकारनं सगळं युरेनियम ताब्यात घेतलं आणि १९४३ साली तो रंग बंद पडला. पुढं १९५९ मध्ये परत आला आणि १९७२ साली कायमचा गेला. ताटल्या बनवणारे आणि बॉम्ब बनवणारे काही काळ एकाच डब्यात हात घालत होते. न्यू जर्सीत असलेल्या माझ्या भावानं हौसेनं विचारलं, "जुनी नारिंगी ताटली मिळाली तर पाठवू का?" मी म्हटलं, "पाठव. फक्त तिच्यावर साबुदाण्याची खिचडी कुणाला वाढायची, तेवढं कळव."

तिसरी नोंद चित्रकार अँडी वॉरहॉलची. तो बाजारातून बिस्किटांच्या बरण्या गोळा करायचा: सिरॅमिकच्या, डुकराच्या, कुत्र्याच्या, आचाऱ्याच्या आकाराच्या. त्याच्या मृत्यूनंतर, १९८८ साली, सदबीजनं त्याच्या वस्तूंचा लिलाव केला तेव्हा नुसत्या त्या बरण्यांचे सुमारे अडीच लाख डॉलर आले. ही नोंद यांनी सासूबाईंना मुद्दाम वाचून दाखवली आणि त्यांच्या बरणीकडे सूचक नजर टाकली. सासूबाई म्हणाल्या, "मेल्यावर ना? मग थांब."

इथपर्यंतची गोष्ट ऐकून मैत्रिणी माझी कीव करतात. त्यांना पुढचं माहीत नाही.

आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी पहिल्याच आठवड्यात संप केला. त्यांच्या तारेच्या घासणीनं मोरपंखी भांड्यावर करड्या रेघा उठल्या होत्या. झिलई धातूपेक्षा कठीण. भांडं झिजत नाही, घासणीचंच स्टील त्याला चोपडलं जातं. यांनी हे शास्त्र मावशींना समजावून सांगितलं. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "साहेब, तुमची ती रंगीत तुम्हीच घासा. फुटलं तर माझ्या पगाराला तडा जाईल."

तेव्हापासून हे भांडी घासतात. मऊ स्पंज, कोमट पाणी, अंगठ्यानं काठावरून एक फेरी, टवका उडालाय का ते पाहायला. सुरुवातीला फक्त स्वतःची. पण सिंकमध्ये स्टीलचं पातेलं पडलेलं असताना शेजारी फिरोजी वाडगा ठेवायला यांचं मन धजेना. एक धक्का आणि खेळ खलास. म्हणून आधी पातेलं घासून बाजूला. मग कुकर, त्याचा दांडा लागतो. मग ताटं, चमचे, झारा, गाळणं. अशा रीतीनं सिंक पूर्ण रिकामं झालं की मग यांची सौंदर्यपूजा सुरू होते. मावशी आता केर-फरशी करून लवकर सुटतात आणि मला दुपारी वर्तमानपत्र सलग वाचायला मिळतं.

आमच्या लग्नानंतर मी चारचौघींसारखं सगळं करून पाहिलं होतं. गोडीगुलाबीनं सांगितलं, अबोला धरला, समानतेवरचे लेख कात्रणं काढून यांच्या डब्याखाली ठेवले. उपयोग शून्य. जे काम विचारांनी झालं नाही ते कोबाल्टनं केलं. म्हणून मी आता यांच्या छंदाला विरोध करत नाही. वाढदिवसाला, पाडव्याला, पगाराच्या जागी आलेल्या पेन्शनच्या तारखेला मी आवर्जून एखादा रंगीत नग घरी आणते. नाजूक बघून घेते. जितका नाजूक, तितकं सिंक लवकर मोकळं.

एकच भांडं माझ्याकडे उरलं होतं: लोखंडी कढई. ती हे अजूनही माझ्याकडे सरकवतात. "ही गंजते गं, हिचं तुलाच कळतं," म्हणतात. फोडणीपासून तळणीपर्यंत सगळं तिच्यात होतं, आणि ती घासताना मनगट आखडतं.

पण परवा मीही थोडा अभ्यास केला. फ्रान्सच्या उत्तरेला फ्रेनुआ-ल-ग्राँ नावाचं एक गाव आहे. तिथं १९२५ साली दोन बेल्जियन गृहस्थांनी, एक ओतकामातला आणि दुसरा मिन्यातला, ‘ले क्रूझे’ नावाचा कारखाना काढला. ते ओतीव लोखंडाच्या भांड्यावर काचेची झिलई चढवतात. गॅसवर चालतं, इंडक्शनवर चालतं, ओव्हनमध्ये चालतं, आंबट चालतं, आणि गंजत नाही. त्यांचा पहिला रंग वितळलेल्या लोखंडावरून घेतलेला, पेटता नारिंगी. आता तशी झिलईची भांडी इतरही पुष्कळ जण करतात.

हे मी रात्री जेवताना, सोलकढी ओतता ओतता, सहज सांगितलं. यांचा घास हातातच राहिला.

"लोखंड? आणि नारिंगी?" म्हणाले.

"आणि आत साईचा रंग," मी म्हटलं. "पण तारेची घासणी अजिबात चालत नाही हं. मऊ स्पंजच लागतो. मला नाही बाई जमायचं."

"तू हातच लावू नकोस," हे म्हणाले.

न्यू जर्सीच्या भावाला तेवढ्यासाठी निरोप गेला आहे. जुनी कढई मोडीत घालून येतील त्या पैशांत एक मऊ स्पंज बसेल. तोही मी यांनाच देणार आहे.